एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे

आपल्या खानापूर-बेळगाव भागातील गावांतून अशी घरे आज थोडी नाहीत, की ज्यांतील एखादा मुलगा, मुलगी, सून अथवा जावई पुणे, बंगळूर किंवा हैदराबाद येथे सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. सणासुदीला ही मंडळी घरी येतात, तेव्हा त्यांचा अर्धा जीव त्या उघड्या लॅपटॉपमध्ये अडकलेला असतो. "अरे, सुट्टीतसुद्धा काय लिहीत बसला आहेस?" असे आईने विचारले, तर उत्तर मिळते, "लिहीत नाही ग आई, वाचतो आहे. दुसऱ्याचे काम तपासायचे राहिले आहे." दुसऱ्याचे काम आपल्या मुलाने का तपासावे आणि तेही सुट्टीत का, असा प्रश्न त्या माउलीच्या मनात येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला जेवढे उमगले, तेवढे येथे सांगण्याचा विचार आहे.

मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. सेमिनरीतील माझी वर्षे तत्त्वज्ञान आणि लॅटिन यांच्याशी झटण्यात गेली. तथापि हैदराबादला नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याच्या आग्रहावरून गेली सहा वर्षे मी एका सामायिक प्रकल्पात थोडाफार हातभार लावीत आलो आहे. मराठी शुद्धलेखन तपासणारा एक प्रोग्रॅम काही हौशी मंडळी मिळून तयार करीत आहेत. कोणी इंदूरचे, कोणी बडोद्याचे, कोणी मडगावचे. वेतन कोणालाच नाही, आणि बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही. प्रोग्रॅमचे नियम तरुण मंडळी लिहितात. शब्द आणि त्यांची रूपे बरोबर आहेत की नाहीत, एवढे वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. रात्रीचे जेवण झाल्यावर तासभर मी ते करतो. या तासाने मला जे शिकविले, ते संगणकापुरते नाही असे वाटते.

प्रथम हे काम कसे चालते ते पाहू. संगणकाने काय करावे याच्या आज्ञा ओळीओळींनी लिहिलेल्या असतात. त्यांनाच कोड म्हणतात. प्रकल्पाची मूळ प्रत एकच असते आणि तिच्यात कोणीही उठून काहीही लिहू शकत नाही, जसे तलाठ्याच्या दप्तरात कोणालाही परस्पर नोंद करता येत नाही. ज्याला सुधारणा करावयाची असेल, त्याने आपली वेगळी नक्कल घ्यावी, तिच्यात बदल करावा आणि मग विनंती पाठवावी, की मी अमुक बदल अमुक कारणासाठी केला आहे, तो कोणी तपासावा व योग्य वाटल्यास मूळ प्रतीत घ्यावा. ही झाली रिव्ह्यूची विनंती. दुसरा कोणी ती ओळ न् ओळ वाचतो, शंका विचारतो, दुरुस्ती सुचवितो. लिहिणारा दुरुस्ती करून पुन्हा पाठवितो. दोघांचे समाधान झाले म्हणजे बदल मूळ प्रतीत जातो. कोण कोणत्या दिवशी काय म्हणाला, याची नोंद कायम राहते.

दुसऱ्याने वाचण्याची गरज काय, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना फोडून सांगावयास नको. छापखान्यात खिळे जुळविले जात होते त्या काळापासून प्रत्येक मजकुराचे मुद्रित लेखकाखेरीज आणखी कोणीतरी वाचत आले आहे. लेखकाचा डोळा कागदावरचे अक्षर वाचीत नाही, मनातले वाचतो. त्याने 'पाणी' लिहावयाचे योजलेले असते आणि कागदावर 'पणी' पडलेले असते, तरी त्याला 'पाणी'च दिसते. मुद्रितशोधकाच्या मनात आधीचे काही नसते, म्हणून त्याला चूक दिसते. संगणकाच्या कोडमध्ये अशी एक काना-मात्रेची चूक बँकेचा हिशेब बिघडवू शकते अथवा इस्पितळाचे यंत्र बंद पाडू शकते.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात ही गोष्ट फार लवकर लक्षात आली होती. अमेरिकेतील आयबीएम कंपनीत काम करणारे मायकेल फेगन यांनी 1976 साली एक निबंध प्रसिद्ध करून तपासणीची शिस्तशीर रीत मांडली. चारेक माणसांनी एकत्र बसावे, काम आधी वाचून यावे, ठराविक वेळेपेक्षा अधिक बसू नये आणि सापडलेल्या चुका टिपून घ्याव्यात, असा तिचा सारांश होता. त्यांनी एक गोष्ट मालकवर्गाला निक्षून बजाविली, की तपासणीत सापडलेल्या चुकांवरून लिहिणाऱ्याची लायकी ठरवू नये. हे फार शहाणपणाचे होते. चूक दाखविली म्हणजे पगार कापला जाणार असे कळले, तर कोण आपले काम दुसऱ्यापुढे मोकळ्या मनाने ठेवील?

पुढे इंटरनेट आले आणि एका खोलीत बसण्याची गरज उरली नाही. 1991 साली हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाची संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिचा गाभा आज जगभरच्या माणसांच्या हातांतून वाढतो. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी तिची नवी आवृत्ती निघते आणि अशा प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक लहान-मोठे बदल असतात. एका बदलाला तेथे पॅच म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत ठिगळ. दहा हजार ठिगळे एकट्या टोरव्हाल्ड्स यांनी तपासणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक भागाला एक किंवा अधिक मेंटेनर नेमलेले आहेत. शेताला राखणदार असतो तसे हे राखणदार. ठिगळ प्रथम त्या त्या भागाच्या राखणदाराकडे जाते. त्याने वाचून पसंत केलेली ठिगळे वर जातात आणि शेवटी टोरव्हाल्ड्स यांच्याकडे पोहोचतात. नवे बदल घेण्यासाठी प्रत्येक आवृत्तीच्या आरंभी दोन आठवडे राखून ठेवलेले असतात. त्यानंतर दार मिटते आणि पुढचे आठवडे चुका दुरुस्त करण्यात जातात. ठिगळाखाली लिहिणाऱ्याची सही असते आणि ज्याने वाचले त्याचीही नोंद असते. पुढे काही बिघडले, तर कोणाच्या नजरेखालून ते गेले हे कळावे, असा त्यात हेतू आहे.

आमच्या लहानशा प्रकल्पात एवढा फौजफाटा नव्हता. इंदूरचे एक निवृत्त शिक्षक त्याचे मूळ प्रवर्तक. त्यांना सारे जण सर म्हणतात. आलेली प्रत्येक विनंती सर स्वतः वाचीत. त्यांचे मराठी चोख, हात सावकाश आणि मन हळवे. प्रारंभी आठवड्याला दोन-तीन विनंत्या येत, तोवर ठीक चालले. पुढे माणसे वाढली. लिहिणारे दहा झाले, वीस झाले. वाचणारा मात्र एकच राहिला. विनंत्यांची रांग तीसच्या वर गेली. रोज सकाळी ती रांग पाहून सरांच्या छातीत धस्स होई, असे त्यांनी मला एकदा फोनवर सांगितले. काही दिवसांनी त्यांनी रांग पाहणेच सोडून दिले.

त्या रांगेत ग्वाल्हेरच्या एका मुलीची विनंती होती. कॉलेजात शिकणारी ही मुलगी. आजीच्या तोंडचे, कोशात नसलेले दोनशे मराठी शब्द अर्थासह जमवून तिने पाठविले होते. ग्वाल्हेरला पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील ते शब्द. पाच महिने तिला कोणी 'पोहोचले' एवढेही कळविले नाही. अखेरीस तिने आपण होऊन विनंती मागे घेतली आणि खाली एकच ओळ लिहिली, "कदाचित हे तुमच्या उपयोगाचे नसावे." पुढे आम्ही तिला पत्र लिहिले. तिने नम्रपणे उत्तर दिले, पण ती परत आली नाही.

या गोष्टीत दुष्ट कोणी नाही. सर दमलेले होते, मुलगी खट्टू झाली, आणि दोनशे शब्द हातचे गेले. विनंती म्हणून जो कागद रांगेत पडलेला असतो, त्याच्यामागे एक माणूस उत्तराची वाट पाहत बसलेला असतो, हे मला त्या दिवशी नीट कळले. त्यानंतर माझा भाचा, बडोद्याची एक गृहिणी, सर आणि मी असे चौघे फोनवर बोललो. भाचा म्हणाला, "मामा, लिहिणारे आणखी जमवून काही होणार नाही. वाचणारे वाढवू या आणि वाचण्याची रीत बसवू या." त्याच्या कंपनीत जे चालते त्यातले आम्हाला झेपेल तेवढे आम्ही उचलले.

पहिली गोष्ट पोच देण्याची. गूगल कंपनीने आपल्या अभियंत्यांसाठी केलेले नियम सर्वांना वाचावयास खुले आहेत. विनंतीला उत्तर देण्यास कामाच्या एका दिवसाहून अधिक वेळ लागू नये, असे त्यांत म्हटले आहे. उत्तर म्हणजे संपूर्ण तपासणी नव्हे. 'मी पाहिले, गुरुवारी सवडीने वाचतो' एवढे सांगितले तरी चालते. त्याच नियमांत असेही आहे, की तपासणाऱ्याचे चित्त स्वतःच्या कामात गढलेले असेल तर त्याने ते अर्ध्यावर मोडू नये, एखादे काम हातावेगळे झाले म्हणजे वळावे. लिनक्सच्या मंडळींचा रिवाज वेगळा. तेथे ठिगळ पाठविणाऱ्यालाच सांगितलेले असते, की निदान एक आठवडा थांबल्याखेरीज आठवण करू नये. पगारी माणसांच्या कंपनीत एक दिवस आणि जगभर पसरलेल्या माणसांत एक आठवडा, दोन्ही आपापल्या जागी योग्यच. मुदत कोणतीही असो, ती दोघांनाही ठाऊक असली म्हणजे वाट पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागत नाही. आम्ही पोच देण्यास तीन दिवस आणि पूर्ण वाचण्यास दोन आठवडे ठरविले.

दुसरी गोष्ट आकाराची. पोतेभर तांदूळ एकदम सुपात घेऊन कोणी पाखडीत नाही. तीस ओळींचा बदल माणूस बारकाईने वाचतो. तीन हजार ओळींचा बदल आला, की तो वरवर चाळून 'ठीक दिसते' असे लिहून मोकळा होतो. म्हणून एका विनंतीत एकच गोष्ट असावी आणि ती का केली हे दोन वाक्यांत सांगितलेले असावे. मोठा बदल आला तर न वाचताच, पण गोड शब्दांत, तुकडे करून पाठविण्यास सांगावे. लिहिणाऱ्याला याचा थोडा त्रास होतो खरा. परंतु त्याचा तो एक तास वाचणाऱ्याचे पाच तास वाचवितो.

तिसरी गोष्ट अशी, की यंत्राला जे तपासता येते ते माणसाने तपासू नये. विनंती आली की प्रथम संगणकच ठराविक चाचण्या घेतो. त्यांत ती नापास झाली, तर माणसाचा डोळा तिच्यावर पडण्यापूर्वीच ती लिहिणाऱ्याकडे परत जाते. यामुळे पुष्कळ वेळ वाचतो. तथापि यंत्राला काय कळत नाही, याचा एक अनुभव सांगण्याजोगा आहे.

आपल्या मराठीत 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन निराळे शब्द आहेत. पहिला गुरूला आणि दुसरा स्वयंपाक्याला उद्देशून. तसेच 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील घळी. हा भेद करणारा आडवा रफार मराठीचे लेणे आहे, शेजारच्या हिंदीला त्याची गरज पडत नाही. संगणकात तो लिहिण्याच्या दोन वाटा आहेत. एकीत नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' वापरतात, दुसरीत साध्या 'र'ला हलन्त जोडून पुढे एक अदृश्य चिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होतात. एका वाटेने लिहिलेले 'कऱ्हाड' दुसऱ्या वाटेने शोधले, तर साधा प्रोग्रॅम 'असे गाव नाही' म्हणून मोकळा होतो. उद्या गावाच्या जागी एखाद्याचे आडनाव असले आणि यादी रेशनची असली, तर काय होईल याची कल्पना वाचकांनी करावी.

तर एकदा एका परप्रांतीय तरुणाची विनंती आली. मुलगा मोठा हुशार आणि सद्हेतूचा. एकाच अक्षराची दोन-तीन रूपे पाहून त्याला तो गोंधळ वाटला, आणि त्याने शेकडो ठिकाणी सर्व रूपे मोडून सरळ रफार करून टाकला. यंत्राच्या सगळ्या चाचण्या हिरव्या. मराठी न जाणणाऱ्या दोघांनी 'छान, स्वच्छ झाले' असा शेराही दिला. बडोद्याच्या बाईंनी मात्र पहिलीच ओळ वाचून लिहिले, "या बदलाने आमच्या घरचा स्वयंपाकी गुरुजी झाला आहे आणि सह्याद्रीच्या साऱ्या दऱ्यांत समुद्राचे पाणी भरले आहे." त्याखाली त्यांनी भेद समजावून दिला आणि ज्या दोन वाटांचा घोळ त्या मुलाने बरोबर हेरला होता, तेवढा भाग वेगळ्या विनंतीने पाठविण्यास सांगितले. मुलाला हसूही आले आणि पटलेही. त्याने अशा शब्दजोड्यांची एक यादी करून ती यंत्राच्या चाचण्यांत घातली. आता तीच चूक पुन्हा कोणाकडून झाली, तर यंत्रच ती दारावर अडविते.

या एका विनंतीत आम्हाला पुष्कळ शिकावयास मिळाले. वाचणारे दोन असले तरी त्यांना विषय कळत नसेल तर ती संख्या व्यर्थ होय. म्हणून विनंती ज्याच्या जाणतेपणात बसते त्याच्याकडे जावी, आणि अशी जाणती माणसे प्रत्येक भागाला निदान दोन असावीत, म्हणजे एक आजारी पडला तरी दार बंद होत नाही. शेरा कामावर असावा, माणसावर नसावा. जे चांगले आहे त्याचा उल्लेख करण्यास कंजूषी करू नये. आणि जे घ्यावयाचे नाही, ते घेत नाही असे कारणासह स्पष्ट सांगावे. खुद्द टोरव्हाल्ड्स यांच्या तिखट शेऱ्यांची एकेकाळी मोठी ख्याती होती. 2018 च्या सप्टेंबरात त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामातून रजा घेतली. कडक तपासणी आणि कडवट जीभ यांची जोडी असलीच पाहिजे असे नाही, हे इतक्या मोठ्या माणसाने मान्य केले, याचा चांगला परिणाम झाला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की हौशी माणसांच्या शब्दकोशाचे हे प्रकरण, त्यात इतके गंभीर ते काय? म्हणून आता 2024 सालची एक हकीगत सांगतो.

एक्सझेड नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. मोठा मजकूर दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. पण लिनक्सवर चालणाऱ्या जगभरच्या असंख्य संगणकांत तो बसलेला असतो. लासे कोलिन नावाचे फिनलंडमधील एक गृहस्थ अनेक वर्षे त्याची राखण एकट्याने, मोबदल्याविना करीत होते. 2021 पासून जिया तान या नावाने कोणी त्यांना ठिगळे पाठवू लागले. ठिगळे चांगली होती. 2022 साली आणखी काही अनोळखी नावे पुढे आली आणि तक्रार करू लागली, की विनंत्या महिनोन् महिने पडून आहेत, राखणदाराला रस उरलेला नाही, नवा राखणदार नेमावा. कोलिन यांनी उत्तर दिले, की आपली मनःप्रकृती बरेच दिवस ठीक नाही आणि हे काम बिनपगारी हौसेचे आहे, हे ध्यानात घ्यावे. तगादा थांबला नाही. हळूहळू जिया तान यांच्याकडे प्रकल्पाचे अधिकार आले.

पुढे 2024 च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत एक्सझेडच्या दोन नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांत एक चोरदार बसविलेले होते. ते उघडण्याची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला दूरच्या संगणकात शिरता यावे, अशी त्याची रचना. कारागिरी अशी, की चाचणीसाठी ठेवलेल्या, माणसाला न वाचता येणाऱ्या फायलींत विष दडविलेले होते, आणि ते बाहेर काढणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या मूळ प्रतीत नव्हतीच. ती फक्त वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. वाचणाऱ्यांनी वाचले ते एक आणि लोकांच्या हाती पडणार होते ते दुसरे.

हे उघडकीस आले ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. आपल्या संगणकात दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी धागा धरून शोध घेतला आणि 29 मार्च 2024 रोजी, तो त्या वर्षीचा गुड फ्रायडे होता, साऱ्या जगाला सावध केले. त्या आवृत्त्या तोवर बहुतांशी चाचणीच्या पायरीवरच होत्या. आणखी काही महिने गेले असते, तर ते चोरदार जगातील अगणित संगणकांत पोहोचले असते.

या हकीगतीत कोलिन यांना दोष देणारे थोडे नव्हते. मला तसे वाटत नाही. चोराने कुलूप फोडले नाही. रात्रंदिवस एकट्याने पहारा करून थकलेल्या पहारेकऱ्याशी त्याने आधी मैत्री केली, आपल्या साथीदारांकडून त्याच्यावर ओरड करविली आणि मग "दमला असाल, किल्ल्या मी सांभाळतो" म्हणून हात पुढे केला. त्या प्रोग्रॅमवर विसंबून मोठमोठ्या कंपन्या व्यवहार करीत होत्या. त्यांतील एखादीने जरी एक विश्वासू वाचणारा कोलिन यांच्या सोबतीस पगार देऊन बसविला असता, तरी ती अनोळखी ओरड ऐकण्याची पाळी त्यांच्यावर एकट्यावर आली नसती.

या प्रकरणाच्या दहा वर्षे आधी, 2014 च्या एप्रिलमध्ये, असाच एक धडा जगाला मिळाला होता. ओपनएसएसएल नावाचा, इंटरनेटवरील गुप्त व्यवहार राखणारा प्रोग्रॅम आहे. त्यात समोरून आलेल्या मजकुराची लांबी पडताळून पाहण्याची एक ओळ राहून गेली होती. त्या एका उणिवेमुळे परक्या माणसाला दुसऱ्याच्या संगणकाच्या स्मृतीतील तुकडे वाचता येत. हा बदल रिव्ह्यू होऊनच आत गेला होता, आणि दोन वर्षे तो कोणाच्या ध्यानी आला नाही. तेथे दुष्टावा नव्हता. मूठभर माणसांच्या खांद्यावर साऱ्या जगाचा भार होता, इतकेच. त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. तरीही दहा वर्षांनी एक्सझेडचा राखणदार एकटाच सापडला.

आता तर एक नवीच अडचण उभी राहिली आहे. सांगाल ते लिहून देणारी यंत्रे घरोघर आली आहेत. ती कोडही लिहितात, आणि पुष्कळदा चांगले लिहितात. परंतु शंभर ओळी लिहिण्यास यंत्राला मिनिटही लागत नाही, आणि त्या समजून वाचण्यास माणसाला तास लागतो. कर्ल नावाच्या सुप्रसिद्ध प्रोग्रॅमचे राखणदार डॅनियल स्टेनबर्ग यांनी 2024 पासून जाहीरपणे सांगितले आहे, की यंत्राकडून लिहवून घेतलेल्या, दिसायला डौलदार पण आत पोकळ अशा तक्रारी वाचण्यात त्यांच्या मंडळींचा वेळ वाया जातो. आमच्या रांगेतही अशा विनंत्या येऊ लागल्या. त्यावर आम्ही एक साधा नियम केला. बदल हाताने लिहा की यंत्राकडून लिहवून घ्या, विनंती पाठविणाऱ्याने तो स्वतः आधी वाचलेला असावा आणि त्यातील कोणत्याही ओळीचा अर्थ विचारला तर त्याला सांगता आला पाहिजे. ज्याने स्वतः वाचले नाही, त्याने दुसऱ्याला वाचावयास सांगू नये. या नियमाने रांग निम्म्याने उतरली.

वाचकहो, हे सारे सांगण्याचा उद्देश असा. आपली मुले ज्या धंद्यात आहेत, त्यात लिहिणाऱ्याचे नाव होते, बढती होते. वाचणाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. किती काम केलेस असे विचारले, की तो आपण लिहिलेल्या ओळी मोजून दाखवितो. त्या दिवशी त्याने चार सहकाऱ्यांचे काम वाचून त्यांतील दोन चुका पकडल्या, हे सांगण्याचे त्याला सुचतही नाही, कारण ते काम आहे असे त्याला स्वतःलाच वाटेनासे झालेले असते. तेव्हा पुढल्या खेपेस मुलगी घरी आली आणि लॅपटॉप उघडून 'वाचीत' बसली, तर तिला जेवावयास जरूर हाक मारावी, पण "कोणाचे काम वाचतेस? त्याने ते नीट केले आहे का? आणि तुझे कोण वाचतो?" असेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाला "कोणी नाही, मी एकटीच आहे" असे उत्तर आले, तर तिला सांगावे, की हे आपल्या साहेबाच्या कानावर घाल. एकट्यावर भार टाकणे कोणत्याही कंपनीला अखेर परवडत नाही.

इंदूरचे सर आता वर्षातून दोन महिने रांगेकडे पाहतच नाहीत. तो त्यांचा हक्क आम्ही ठरवून दिला आहे. त्या काळात त्यांचा भाग बडोद्याच्या बाई आणि मडगावचा एक तरुण मिळून पाहतात. आजीचे शब्द पाठविणाऱ्या त्या ग्वाल्हेरच्या मुलीची जागा अजून रिकामीच आहे. आज रात्री हा लेख लिहून ठेवताना रांगेत नऊ विनंत्या आहेत. सर्वांत जुनी चार दिवसांची आहे आणि तिला पोच दिलेली आहे. प्रथमच पाठविणाऱ्या कोणा विद्यार्थ्याची एक आज दुपारी आली आहे. तीत अकरा शब्द आहेत. त्यांतील तीन मला शंकास्पद वाटतात, आणि ते त्याला कसे सांगावे याचा विचार करीत मी आता ती वाचावयास घेतो.